मदत हवी आहे: लाकडी धनुष्यावर सही करायला कोणतं पेन, कोणती शाई?

मंडळी, मी कुडाळजवळ हाताने लाकडी धनुष्यं बनवतो. मुठीच्या जरा वर सही, वर्ष आणि ताण (४० पौंड, २८ इंच खेचल्यावर) लिहायचा असतो. वरून चपड्याचं पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. खरी अडचण तिथेच आहे. साध्या परमनंट मार्करची शाईही स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे पॉलिशचा बोळा फिरला की अक्षरं पसरतात. फाउंटन पेनची शाई तर कोऱ्या लाकडाच्या रेषांतून धावत सुटते, शिवाय उन्हात फिकी पडते.

पिगमेंट शाईची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईची पेनं (साकुरा पिग्मा मायक्रॉनसारखी) कुणी लाकडावर वापरली आहेत का? टोकाच्या जाडीचा ०५ नंबर बरा की ०८? आधी पॉलिशचा एक पातळ हात देऊन, घासून, मग लिहावं असं मला वाटतं. पण गुळगुळीत पृष्ठभागावर ती शाई आपल्या पावसाळी दमट हवेत नीट सुकेल का? शिसवीसारख्या काळ्या लाकडावर पांढरं काय टिकतं? तापल्या सुईने कोरा असं सुचवू नका, वाकणाऱ्या भागाला चटका द्यायचा नाही.

रत्नागिरी-कोल्हापूरकडे अशी पेनं सुटी मिळतात का, तेही सांगा.