अणुचाचण्या पाहिलेले सैनिक: पुरावा कोणी द्यायचा?

नदीकाठची

इथे इंग्लंडमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे आजोबा मागच्या महिन्यात गेले. १९५८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सक्तीच्या लष्करी सेवेत त्यांना पॅसिफिकमधल्या ख्रिसमस बेटावर पाठवलं होतं. २८ एप्रिलला ब्रिटनने तिथे आपला सगळ्यात मोठा हायड्रोजन बॉम्ब फोडला, सुमारे ३ मेगाटनांचा, ‘ग्रॅपल वाय’ नावाचा. पोरांना स्फोटाकडे पाठ करून जमिनीवर बसवलं आणि मिटलेल्या डोळ्यांवर हात दाबून धरायला सांगितलं. “मिटल्या डोळ्यांना माझ्याच बोटांची हाडं दिसली,” असं आजोबा सांगायचे, आणि सांगताना दर वेळी हात उघडून त्याकडे बघायचे.

१९५२ ते १९५८ या काळात ब्रिटनने ऑस्ट्रेलियात आणि पॅसिफिकमध्ये उघड्या हवेत २१ अणुस्फोट केले. त्यासाठी वीस हजारांहून जास्त ब्रिटिश माणसं तिथे होती, शिवाय ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिजीचे जवान. बहुतेकांच्या छातीवर किरणोत्सार मोजणारा फिल्म बॅजसुद्धा नव्हता. पुढे कोणाला रक्ताचा कर्करोग झाला, कोणाची मुलं व्यंग घेऊन जन्मली. हे सगळं त्या स्फोटांमुळेच झालं का, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे.

२०१२ मध्ये हजाराहून अधिक माजी सैनिकांचा दावा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ३ मतांनी अडला. बहुमताचं म्हणणं असं, की आजाराचं नातं चाचण्यांशी आहे असं तुम्हाला फार पूर्वीच वाटत होतं, म्हणजे दावा लावायची मुदत तेव्हाच सुरू झाली आणि संपलीही. आणि त्याच निकालात असंही म्हटलं, की हे नातं सिद्ध करण्याइतका पुरावा तुमच्याकडे आजही नाही. म्हणजे दावा लावायला उशीर झाला, आणि लवकर लावला असता तर पुरावा नव्हता. माणसाने जावं कुठे?

माझं मत: ज्याने पोरांना तिथे बसवलं आणि नोंदी ठेवणं ज्याचं काम होतं, त्या सरकारने सिद्ध करावं की इजा झाली नाही.

आकडेमोड

असहमत. मी साथरोगशास्त्रात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर.

चाचण्यांत भाग घेतलेल्या २१,३५७ ब्रिटिश पुरुषांची तुलना त्याच काळात सेवेत असलेल्या, पण चाचण्यांना न गेलेल्या २२,३३३ जणांशी केली गेली. २००३ चा निष्कर्ष असा, की एकूण मृत्यू आणि कर्करोगाने झालेले मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखे. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, थोडी वाढ असण्याची शक्यता, एवढंच. ग्रॅपल वाय हा हवेत उंचावर केलेला स्फोट होता. आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही की माती वर खेचली जात नाही आणि जवळपास पडणारी किरणोत्सारी धूळ खूप कमी होते.

मुलांबद्दल तर जपूनच बोलावं. २०२२ मध्ये ब्रुनेल विद्यापीठाच्या गटाने या सैनिकांच्या कुटुंबांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. मुलांमध्ये जादा बदल आढळले नाहीत. ‘तुझ्या बापाच्या रक्तातून तुला विष आलंय’ हे ऐकत वाढणं ही सुद्धा इजाच आहे, आणि ती पुराव्याशिवाय बोलणाऱ्यांनी केलेली आहे.

नदीकाठची

तुमचा शेवटचा मुद्दा मला पटला, मुलांबद्दलचं वाक्य मी नीट लिहायला हवं होतं. पण दोन गटांच्या तुलनेच्या त्या अभ्यासाचा १९८८ चा पहिला अहवाल घ्या. चाचण्यांना गेलेल्यांत ल्युकेमियाने २२ मृत्यू, न गेलेल्यांत ६. हे ‘थोडी वाढ’ या दोन शब्दांत बसतं का?

आकडेमोड

प्रश्न योग्य आहे. पण देशाच्या सर्वसाधारण प्रमाणाशी ताडून पाहिलं तर २२ हा आकडा अपेक्षेच्या जवळपासच होता. विलक्षण कमी होते ते दुसऱ्या गटातले ६. तो गट योगायोगाने नशीबवान निघाला असणं शक्य आहे.

डोंबिवलीकर

पण लष्करात निवडून, धडधाकट पोरंच घेतात. त्यांच्यात आजार देशाच्या सरासरीपेक्षा कमीच सापडायला हवेत. मग सरासरीइतके सापडले यात समाधान मानायचं की काळजी करायची?

आकडेमोड

काही अंशी मान्य. मात्र हा परिणाम हृदयरोगात ठळक दिसतो, कर्करोगात फार कमी.

किल्लेदार

काळाचं भान ठेवून बोला. १९४९ मध्ये सोव्हिएत बॉम्ब फुटला होता, युरोपात फौजा समोरासमोर उभ्या होत्या. अणुयुद्धात सैन्य टिकेल का, हे कोणाला तरी तपासावं लागणारच होतं. सोव्हिएतांनी तर १४ सप्टेंबर १९५४ ला तोत्स्कोये इथे जवळपास ४५,००० सैनिकांच्या सरावावर खरा बॉम्ब टाकला. सैनिक गणवेश चढवतो तेव्हा जीव देशाच्या हवाली करतो. आणि हाच न्याय उद्या पोखरणला लावणार का? तिथेही आपल्या इंजिनिअर रेजिमेंटच्या जवानांनी खड्डे खणले. त्यांचा अभिमान वाटायचा की त्यांच्या नावाने खटले भरायचे?

निवृत्त सुभेदार

किल्लेदार साहेब, चोवीस वर्षं नोकरी केली. जीव हवाली करतो हे खरं, पण डोळे उघडे ठेवून करतो. गोळी लागली तर जखम दिसते, तारीख-वार नोंद होते, कोर्टाला विचारावं लागत नाही. इथे पोराला माहितीच नाही की आपल्या अंगात काय शिरलं. आणि वरून तोंड बंद ठेवायची शपथ. याला मी बलिदान म्हणत नाही. बलिदान देणाऱ्याला निदान काय देतोय ते कळतं.

आपल्याकडचा नियम सांगतो, कारण धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. भरतीच्या वेळी डॉक्टरने रोगाची नोंद केली नसेल, तर माणूस निरोगी आत आला असं धरतात. पुढे आजारपणामुळे सेवेतून काढलं, तर तो आजार सेवेमुळे नाही हे खात्याने दाखवायचं. १९८२ च्या नियमांत हे होतं, तरी वैद्यकीय बोर्ड एका ओळीत ‘सेवेशी संबंध नाही’ लिहून मोकळे व्हायचे. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पुराव्याचा भार जवानावर नाही, संशयाचा फायदा जवानाला. अंमलबजावणीत आजही रखडपट्टी आहे, माझ्याच पलटणीतली माणसं हेलपाटे घालतात. पण तत्त्व तरी लिहिलेलं आहे.

पोखरणचे दोन्ही वेळचे स्फोट जमिनीखालचे, ती गोष्ट वेगळी. तरीही त्या जवानांच्या तब्येतीच्या फायली जन्मभर सांभाळाव्यात असंच मी म्हणेन. अभिमान आहे म्हणूनच.

आकडेमोड

सुभेदार साहेब, माहितीबद्दल आभार. एक भर घालतो: ब्रिटनच्या युद्धपेन्शनचा नियमही इतका कठोर नाही. सेवा संपून ७ वर्षं झाली असली तरी विश्वासार्ह पुराव्यावर वाजवी शंका उभी राहिली, तर फायदा सैनिकाला. कोर्टात हरलेल्या काहींना त्या वाटेने पेन्शन मिळू शकतं.

नदीकाठची

‘विश्वासार्ह पुरावा’ याच शब्दांवर गाडी अडते ना. तो पुरावा म्हणजे बॅजचा आकडा. ज्याला बॅज दिलाच नाही त्याने काय दाखवायचं?

लीनॅक

मी रेडिओथेरपी विभागात आहे, म्हणून बॅजबद्दल बोलते. आमचे बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात आणि प्रत्येकाची नोंद कायम राहते. पण बॅज मोजतो तो बाहेरून शरीरावर पडणारा मारा. श्वासातून गेलेली धूळ, पावसाच्या पाण्यातून किंवा लगूनमधल्या माशांतून पोटात गेलेलं काही, हे बॅजला दिसत नाही. अल्फा कण तर कागदाच्या कपट्याने अडतात, पण ते सोडणारी धूळ फुफ्फुसात जाऊन बसली की तिथल्या तिथे इजा करत राहते. त्यासाठी लघवी तपासावी लागते. म्हणून ‘बॅजवर शून्य आलं’ याचा अर्थ ‘काही झालं नाही’ असा काढू नये.

न्यूझीलंडच्या दोन युद्धनौका, पुकाकी आणि रोटोइटी, ग्रॅपल चाचणीमालिकेच्या वेळी हवामान पाहणीसाठी तैनात होत्या. त्यांवरच्या ५० नौसैनिकांचं रक्त मॅसी विद्यापीठाने तपासलं. गुणसूत्रांचे तुकडे तुटून दुसरीकडे जोडले जाण्याचं प्रमाण तुलनेच्या गटाच्या जवळपास तिप्पट निघालं. लहान अभ्यास आहे, मान्य. पण किरणोत्सार जाऊन पन्नास वर्षं झाली तरी पेशीत खूण राहते, आणि ती शोधता येते. मोठ्या प्रमाणावर हीच तपासणी तेव्हा का केली नाही, हा माझा प्रश्न आहे.

पैलतीर

अमेरिकेतून. इथे तर नोंदी जळाल्या. १९७३ मध्ये सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि १९१२ ते १९६० मध्ये सेवेतून मोकळ्या झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. नेव्हाडाच्या वाळवंटात खंदकात बसवलेले कित्येक त्यातच. ३१ ऑगस्ट १९५७ च्या ‘स्मोकी’ स्फोटाला हजर असलेल्या ३,२२४ जणांत साडेतीनच्या आसपास अपेक्षित असताना ल्युकेमियाच्या ९ केसेस सापडल्या, तेव्हा कुठे चर्चा सुरू झाली. १९८८ मध्ये कायदा आला: चाचणीला हजर होतात आणि यादीतला कर्करोग झाला, तर सेवेमुळेच झाला असं धरायचं. डोस सिद्ध करायची गरज नाही. गुप्ततेचं बंधन मात्र १९९६ पर्यंत होतं, बायकोलाही सांगायची सोय नाही. आधीच वारलेल्यांना या कायद्याचा काय उपयोग?

माळरान

आणि ऑस्ट्रेलियातल्या मारालिंगा या चाचणीस्थळाचे मूळ रहिवासी आनंगू लोक? त्यांच्या पायाखालची जमीन घेतली, प्लुटोनियम विखुरलं. त्यांना पदक नाही, पेन्शन नाही. सैनिकांवर बोलताना त्यांना वगळू नका.

नदीकाठची

वगळलेलं नाही, पण तुमचं बरोबर आहे, त्यावर स्वतंत्र धागाच हवा. तुम्ही काढा, मी येते.

किल्लेदार

सुभेदार साहेबांनी लिहिलेलं दोनदा वाचलं. चाचण्या गरजेच्या होत्या हे माझं मत कायम आहे. पण मग गरज देशाची होती, तर खर्चही देशाचा. तो सैनिकाच्या घरावर टाकणं मला पटत नाही.

आकडेमोड

याच्याशी मीही सहमत होईन. यादी करा, पैसे द्या, उपचार द्या, तो संसदेचा निर्णय. फिजीने २०१५ मध्ये ब्रिटनची वाट न पाहता आपल्या उरलेल्या सैनिकांना स्वतःच्या तिजोरीतून पैसे दिलेच. फक्त ‘विज्ञानाने सिद्ध झालं’ असं त्यासाठी म्हणू नका. भरपाई द्यायला ते खोटं बोलण्याची गरज नाही.

लीनॅक

नदीकाठचीताई, आजोबांना पदक मिळालं होतं का? चाचण्यांना गेलेल्यांसाठी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी जाहीर केलेलं.

नदीकाठची

मिळालं, टपालाने. डबी बैठकीच्या खोलीत घड्याळाशेजारी ठेवली होती. पण त्यांना हवी होती ती बेटावर घेतलेल्या रक्ताच्या तपासणीची नोंद. दंडातून रक्त काढलेलं त्यांना नीट आठवत होतं. अर्जाला उत्तर आलं, की त्या काळातलं काही फायलीत नाही. आता त्यांची मुलगी वारस म्हणून पुन्हा अर्ज करतेय. रविवारी तिच्याकडे बसून आम्ही दोघींनी अर्धा फॉर्म भरला. सेवा क्रमांक सापडला, जहाजाचं नाव अजून सापडायचंय.