मदत हवी आहे: कॉम्प्युटरचा आवाज संध्याकाळीच जातो (तातडीचं!)

चिंचगुळ (दु. ३:४०)
घरच्या कॉम्प्युटरचा आवाज जातो. आठवड्यातून चार-पाच वेळा, आणि नेमका पाच वाजता, लेकीचा तबल्याचा ऑनलाइन क्लास सुरू होतो तेव्हा. दुपारी व्यवस्थित असतो. स्पीकर नवे आणले, जुने उगाच भंगारात गेले. आवाजाचा ड्रायव्हर (साउंडचं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला. रीस्टार्ट करून झालं. व्हॉल्यूम शंभरावर आहे आणि म्यूट नाही, हे कृपया कोणी विचारू नका. स्पीकरची पिन मागून काढून परत घातली की बहुतेक वेळा आवाज येतो, पण टेबल भिंतीला चिकटून आहे, रोज कोण खाली शिरणार? आजही क्लास आहे. लवकर सांगा.

कोपऱ्यातला (दु. ३:५२)
डेस्कटॉप की लॅपटॉप? विंडोज असेल तर कितवं? स्पीकर साध्या पिनेचे की यूएसबीचे? क्लास कशावर होतो? आणि म्यूट नाही ना? (विचारावंच लागतं, रागावू नका.)

सोल्डरिंगकाका (दु. ३:५८)
पिन काढून घातली की येतो म्हणजे जॅक सैल झाला. विषय संपला. तीस वर्षं हेच केलंय. मदरबोर्डाचा जॅक बदलायच्या भानगडीत पडू नका, तीनेकशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड मिळतं, म्हणजे यूएसबीत लावायचा वेगळा आवाजाचा जॅक, ते लावा. तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात विचारा दादा.

चिंचगुळ (दु. ४:०५)
दादा नाही, ताई. आणि मी सांगलीत राहते, तपकीर गल्ली पुण्यात आहे. जॅक सैल असता तर दुपारी तासभर कीर्तन कसं वाजलं असतं?
डेस्कटॉप, विंडोज १०, स्पीकर मागच्या हिरव्या जॅकमध्ये. क्लास झूमवर. म्यूट नाही!!

पेंग्विनपाटील (दु. ४:११)
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे माहीत आहे ना? उबंटू टाका. तिथे असले प्रकार नाहीत. अर्ध्या तासात होतं.

कोपऱ्यातला (दु. ४:१४)
पाटील, पाच वाजता क्लास आहे आणि तुम्ही त्यांना ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला सांगताय.

पेंग्विनपाटील (दु. ४:१६)
म्हणूनच अर्धा तास म्हटलं.

तिरकिटधा (दु. ४:२०)
झूमवर तबला शिकत असाल तर आधी सेटिंगमध्ये ऑडिओखाली ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा. नाहीतर झूम तबल्याला पंख्याची घरघर समजून कापून टाकतं. उजव्या हाताची चाट (काठावरचा टणक आवाज) जरा तरी पोचते, पण डाव्या हाताच्या डग्ग्याची आस, म्हणजे त्याचं घुमणं, पार जातं. मी दोन वर्षं ऑनलाइन शिकवतोय, दर नव्या मुलामागे हेच सांगतो.

चिंचगुळ (दु. ४:२३)
माझा प्रश्न तो नाहीये. आम्हालाच काही ऐकू येत नाही.

जुनाटेप (दु. ४:३१)
आमच्याकडे मर्फीचा रेडिओ होता. एक बटण आवाजाचं, एक स्टेशनचं. आवाज कुठून येणार हा प्रश्नच नव्हता, समोरच्या जाळीतून यायचा. विविध भारती लागली की अख्खी चाळ ऐकायची.

सोल्डरिंगकाका (दु. ४:३३)
मर्फी! व्हॉल्व्हवाला होता का? तापायला वेळ लागायचा त्यांना, पण तो आवाज आता नाही. अजून एक पडलाय माझ्याकडे, चालू आहे.

कोपऱ्यातला (दु. ४:४०)
चिंचगुळताई, मर्फी बाजूला ठेवा. आवाज गेला की कशालाही हात लावायच्या आधी खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर एकदा क्लिक करा. व्हॉल्यूमच्या पट्टीच्या वर एक नाव दिसतं. ते जसंच्या तसं इथे लिहा. पिन काढू नका.

चिंचगुळ (सं. ५:०४)
गेला!! मॉनिटरच्या कंपनीचं नाव आणि पुढे मॉडेल नंबर दिसतोय. पण मॉनिटरला स्पीकरच नाहीत.

कोपऱ्यातला (सं. ५:०५)
सापडला. त्या नावाशेजारी छोटा बाण आहे, तो दाबा. यादी उघडेल. त्यातलं ‘स्पीकर्स’ आणि रिअलटेक वगैरे लिहिलेलं निवडा. झूम चालूच असेल तर त्यातही माइकच्या चिन्हाशेजारच्या बाणातून स्पीकर तपासा, ‘सेम अ‍ॅज सिस्टिम’ असू द्या. झूम आपलं वेगळं लक्षात ठेवतं.

चिंचगुळ (सं. ५:०७)
आला. क्लास सुरू. नंतर लिहिते.

सोल्डरिंगकाका (सं. ५:१५)
तात्पुरतं आहे हे. जॅक बघाच.

कोपऱ्यातला (सं. ५:२२)
काका, जॅक ठणठणीत आहे. आवाज मॉनिटरकडे चालला होता. मॉनिटर एचडीएमआयच्या वायरने जोडलेला असणार. त्या वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. मॉनिटरला स्पीकर नसले तरी मागे हेडफोनचं भोक असतं बहुतेक, त्यामुळे तो कॉम्प्युटरला ‘मला आवाज चालतो’ असं सांगतो आणि विंडोज त्याला यादीत घेतं. पिन काढून घातल्यावर आवाज येतो त्याचं कारणही तेच. हिरव्या जॅकमध्ये काही नव्याने लागलं की यंत्र त्याला नवा पाहुणा समजून पाट मांडतं. त्यात जॅकचा काही दोष नाही.
ताई, मॉनिटर नवीन आहे का? आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत तो मध्ये बंद होतो का?

रानमेवा (सं. ५:५०)
माझे ब्लूटूथ इयरबड गाणी छान वाजवतात, पण मीटिंग लागली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. हाच प्रॉब्लेम आहे का?

कोपऱ्यातला (सं. ५:५५)
नाही, तो वेगळा. इयरबडचा माइक वापरायला लागलात की ब्लूटूथ गाण्यांचा प्रकार सोडून हँड्स-फ्रीच्या प्रकारावर जातं. माइक दुसरा वापरा, कान इयरबडचेच राहू द्या. वेगळा धागा काढा ना.

चिंचगुळ (सं. ६:२०)
मॉनिटर गणपतीत घेतला. त्याचा आवाजाशी संबंध असेल असं वाटलंच नाही, चित्र उत्तम दिसतंय म्हणून लिहिलं नाही. जुना होता त्याची निळी रुंद वायर होती, दोन्ही बाजूंना स्क्रू.
मध्ये बंद होतो का? हो! सासरे दुपारी यूट्यूबवर कीर्तन ऐकतात आणि उठताना मॉनिटरचा स्विच बोर्डावरून बंद करतात. कॉम्प्युटर चालूच ठेवतात, तो ‘नीट’ बंद करावा लागतो म्हणून. वीज मंडळातून निवृत्त झालेत. घरात लाल दिवा दिसला की त्यांचा हात जातोच.

कोपऱ्यातला (सं. ६:२८)
हाच धागा हवा होता, तीन तासांनी मिळाला. निळी वायर म्हणजे व्हीजीए. त्यातून आवाज जातच नाही, म्हणून गणपतीपर्यंत सगळं सुरळीत होतं. बोर्डावरून वीज गेली की बऱ्याच मॉनिटरांचा आवाजाचा पत्ता यादीतून पुसला जातो. पाच वाजता तुम्ही स्विच लावला की तो नव्याने हजर, आणि पाट त्याला. बाबा ज्या दिवशी कीर्तन ऐकत नाहीत, त्या दिवशी क्लासला आवाज असतो का, बघा.
कायमचं करायचं तर: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकोनात रोमनमध्ये एम एम एस वाय एस, मग टिंब, मग सी पी एल असं सलग लिहा आणि एंटर. ‘प्लेबॅक’मध्ये मॉनिटरच्या नावावर राइट क्लिक, ‘डिसेबल’. रिअलटेकच्या स्पीकरवर ‘सेट डिफॉल्ट’. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा आला तर कधीकधी परत करावं लागतं.

पेंग्विनपाटील (सं. ६:४०)
उबंटूत हे दोन क्लिकमध्ये झालं असतं.

बारावाटा (सं. ६:४४)
उबंटूत हे झालंच असतं. माझ्याकडे उबंटूच आहे. टीव्हीची एचडीएमआय लावली की आवाज टीव्हीकडे पळतो. पावुकंट्रोल (आवाज कुठे जातो ते ठरवायचा प्रोग्राम) उघडून ओढून आणावा लागतो.

पेंग्विनपाटील (सं. ६:५१)
पण ओढून आणता तरी येतो.

चिंचगुळ (दुसऱ्या दिवशी, स. ९:१०)
काल कीर्तन होतं, परवा नव्हतं. परवा आवाज होता. बरोबर आहे तुमचं. रात्री डिसेबल केलं.
आणि साडेदहाला मुलगा ओरडत आला. तो रात्री गेम खेळताना हेडफोन मॉनिटरच्या मागच्या भोकात लावतो म्हणे! म्हणजे यादीत मॉनिटरला निवडून ठेवणारा तोही एक. मला कोणी काही सांगत नाही या घरात.

सोल्डरिंगकाका (स. ९:२५)
यूएसबी साउंड कार्ड. तीनशे रुपये. मुलाला द्या.

कोपऱ्यातला (स. ९:३१)
काका, या वेळी मात्र पटलं. पण आधी फुकटात होतंय का बघा. कॅबिनेटला पुढे हेडफोनचं भोक आहे का? मुलाला तिथे लावायला सांगा. पुढचं वाजत नसेल तर आतली छोटी केबल मदरबोर्डाला लावायची राहिलेली असते, असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये हे फार होतं. पुढे हेडफोन लागला की मागचे स्पीकर बहुधा आपोआप गप्प होतात, काढला की परत बोलतात. मॉनिटर डिसेबलच राहू द्या. आणि बाबांना काही सांगू नका, त्यांचं बरोबर आहे.

चिंचगुळ (सं. ६:३५)
पुढचं वाजतं. मुलगा कुरकुरला, वायर तोकडी पडते म्हणून. आज बाबांनी दुपारी स्विच बंद केला, पाच वाजता मी लावला, आवाज जागच्या जागी.
फक्त एक. आज सगळं नीट ऐकू आलं तेव्हा गुरुजी काय म्हणत होते ते कळलं. गेला महिनाभर ते लेकीला ‘डावा हात वाजतच नाहीये, मोकळा सोड’ सांगतायत. इथे तर डग्गा चांगला घुमतो, शेजारी तक्रार करतात.
तिरकिटधा, ते सेटिंग कुठे आहे म्हणालात?

तिरकिटधा (सं. ६:४१)
आलात ना! झूमचं सेटिंग, ऑडिओ, तिथे चालू करा. मग क्लास सुरू झाल्यावर खिडकीत वर डावीकडे ‘ओरिजिनल साउंड’ दिसेल, तेही दाबा. दर वेळी बघायचं. आणि लेकीला हेडफोन लावा, नाहीतर तुमच्या स्पीकरमधला गुरुजींचा ठेका माइकमधून परत त्यांच्याकडे जाईल.

चिंचगुळ (सं. ६:४३)
हेडफोन. कुठल्या भोकात लावू?