खडकीच्या तोफखान्यातला 'टामसन' कसा शोधायचा?

लष्करातली सून:
नमस्कार मंडळी. माझ्या आजेसासूबाईंचा जन्म १९०८चा, खडकीचा. वडील गोरे सैनिक, आई इथलीच ख्रिस्ती. वडिलांची घरात एकच खूण आहे. प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आजींच्या आईने शिसपेन्सिलीने लिहिलंय, 'टामसन, तोफखाना, खडकी'. सासूबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. ते कुठल्या गावचे, एवढं तरी कळावं अशी त्यांची फार इच्छा आहे. १९०१ची इंग्लंडची जनगणना चाळली, ढीगभर टामसन निघाले. एका साइटवर कुणीतरी मांडलेली वंशावळ आहे, त्यात 'जॉन, सैनिक, मृत्यू हिंदुस्थानात' असं दिसतंय. तोच धरू का?

खडकीकर:
ताई, तो जॉन अजिबात धरू नका. बायकोच्या पणजोबांच्या शोधात मी अशाच एका आयत्या वंशावळीवर विसंबलो आणि दीड वर्ष परक्या घराण्यात फिरत राहिलो. लग्नाची नोंद हाती आली तेव्हा बापाचं नावच वेगळं निघालं.

सुरुवात खडकीतूनच करा. छावणीच्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला मुंबईला जात आणि तिथून लंडनला. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याच्या) कागदांत आहेत; मुंबई इलाख्याचा विभाग एन/३. पानांची चित्रं फाइंडमायपास्ट या वंशशोधाच्या साइटवर पैसे भरून पाहता येतात. फॅमिलीसर्च या दुसऱ्या साइटवर गोषवारा फुकट मिळतो, फिबिस या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या संस्थेची सूचीही फुकट आहे. बाप्तिस्म्याच्या एका ओळीत आईबापांची नावं आणि बापाचा हुद्दा असतो, जन्मतारीखही बहुधा सापडते. बॅटरीचा, म्हणजे तोफखान्यातल्या तुकडीचा, नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आणि 'टामसन' हे आपल्या कानाने लिहिलेलं आहे. इंग्रजीत 'पी' घालून, 'पी' गाळून, 'एच' काढून, सगळं शोधून बघा. 'पी' नसलेलं आडनाव स्कॉटलंडकडे जास्त. तिथली सरकारी जन्ममृत्यू नोंदणी वेगळी आहे, १८५५पासूनची, ती स्कॉटलंड्सपीपल या साइटवर मिळते. इंग्लंड-वेल्सची १ जुलै १८३७पासून.

जुनी_वही:
१९०१मध्ये ते हिंदुस्थानात असतील तर त्या जनगणनेत सापडणार नाहीत. १९११ची बघा. परदेशातल्या फौजेची बायकामुलांसकट तपशीलवार मोजणी त्या वर्षी पहिल्यांदा झाली. तारीख २ एप्रिल. जन्मगावाचा रकाना आहे. गाव मिळालं की जन्मनोंदींची सूची काढा. इंग्लंड-वेल्सच्या जीआरओच्या (सरकारी जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयाच्या) सूचीत आईचं माहेरचं आडनावही दिसतं, म्हणजे एकाच नावाचे दोन टामसन वेगळे करता येतात. पहिल्या महायुद्धातले सैनिकी कागद शोधाल तर एक ध्यानात ठेवा, १९४०च्या बॉम्बहल्ल्यात त्यातले निम्म्याहून जास्त जळाले. तिथे नाव नाही म्हणून माणूस नव्हताच असं समजू नका.

लष्करातली सून:
काल रात्री बाप्तिस्म्याची ओळ सापडली! आडनावात 'पी' नाही. हुद्दा गनर, म्हणजे तोफखान्यातला साधा शिपाई. आईच्या नावाच्या जागी नुसतं 'मेरी', पुढे काही नाही. सासूबाईंनी चष्मा पुसून मला तीनदा मोठं करून दाखवायला लावलं. जन्म ११ एप्रिल, बाप्तिस्मा २६ला. आम्ही इतकी वर्षं आजींच्या कबरीवर २६लाच मेणबत्ती लावत आलो.

खडकीकर, वही, दोघांचे मनापासून आभार. आता १९११ उघडते.