मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातली ऐषारामी सहल: तुमचे अनुभव सांगा

आई-बाबांच्या लग्नाला यंदा 50 वर्षं पूर्ण होतायत. दोघांनाही पाण्याकाठी राहायला मनापासून आवडतं, म्हणून व्हिएतनाममधला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश ठरवलाय. हो ची मिन्ह सिटीत उतरायचं, तिथून कान थो, आणि झेपलं तर कंबोडियाच्या सीमेजवळचं चाउ डॉक. या वेळी हात आखडता घ्यायचा नाही, असं आम्हा भावंडांचं ठरलंय. पण पैसे नेमके कुठे घातले की त्यांना खरं सुख मिळेल? खोली, क्रूझ, गाडी की आणखी काही? बाबांचे गुडघे दुखतात आणि आई पूर्ण शाकाहारी आहे. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा.

*

सगळ्यात आधी स्वतःपुरती बोट घ्या, खोलीचं नंतर बघा. आम्ही कान थोला मेकाँगचा फाटा असलेल्या हाऊ नदीतल्या बेटावरच्या एका रिसॉर्टमध्ये राहिलो होतो. तिथे जायला फक्त बोट. खोली देखणी होती, पण आजही घरात गप्पा निघतात त्या पहाटेच्या नावेच्या. 'काय रांग' नावाचा तरंगता बाजार शहराच्या धक्क्यापासून साधारण सहा किलोमीटरवर आहे आणि खरी उलाढाल उजाडताना चालते. गटाच्या सहलीत हॉटेलांवरून माणसं गोळा करता करता तासभर जातो आणि पोचेपर्यंत उन्हं वर आलेली असतात. स्वतःची बोट असली की अंधारात निघता येतं, हवं तिथे थांबता येतं.

बाजारात प्रत्येक मोठ्या होडीवर एक उंच बांबू उभा असतो आणि जो माल विकायचा तो त्याच्या टोकाला टांगलेला. अननस, भोपळा, रताळी, लांबूनच कळतं. एका बांबूला नारळाची नुसती झावळी बांधलेली दिसली. नावाडीणबाईंनी खुणेनं सांगितलं, ती होडीच विकायला काढलीय. आम्ही तिथेच इंजिन बंद करून कितीतरी वेळ बसलो. होडीच्या मागच्या टोकाला लहान मूल दात घासत होतं, आजी नदीच्या पाण्यात भाजी धूत होती. असं थांबता येणं हीच खरी चैन.

बोट ठरवताना तीन गोष्टी विचारा: छप्पर आहे का, पाठ टेकायला खुर्च्या आहेत का आणि शौचालय आहे का. वडीलधाऱ्यांसोबत तिसरी सगळ्यात महत्त्वाची.

*

वरच्या प्रतिसादाला दुजोरा. फक्त बाजाराबद्दल अपेक्षा माफक ठेवा. रस्ते आणि पूल झाले तसा माल ट्रकनं जायला लागला आणि होड्या कमी होत गेल्या. जुने फोटो बघून जाल तर मन खट्टू होईल.

माझा मुद्दा भरती-ओहोटीचा. समुद्र लांब असला तरी कान थोच्या कालव्यांपर्यंत त्याची चढउतार पोचते. ओहोटीला अरुंद कालव्यांत चिखल उघडा पडतो, नाव आत जात नाही आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या दोन-तीन जास्त उतराव्या लागतात. गुडघेदुखीच्या माणसाला हे अवघड जातं. त्यामुळे रिसॉर्टला तारीख कळवताना 'भरतीच्या वेळेची फेरी लावा' असं आवर्जून सांगा. ते लावून देतात, फक्त आपण विचारावं लागतं.

आणखी एक, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कान थोच्या नदीकाठच्या रस्त्यांवर पाणी चढतं. त्या दिवसांत शहरात मुक्काम असेल तर पंचांग बघूनच बुकिंग करा.

*

क्रूझबद्दल लिहिते. आम्ही व्हिएतनामकडून कंबोडियाच्या राजधानीपर्यंत, नॉम पेन्हपर्यंत, नदीतून गेलो. केबिनला बाल्कनी, संध्याकाळी डेकवर बसायचं, सामान एकदाच उघडायचं. ज्येष्ठांसाठी यापेक्षा आरामशीर काही नाही. मात्र जाहिरातीत 'सिएम रीप' (टोन्ले साप तलावापलीकडचं कंबोडियातलं शहर) लिहिलेलं दिसलं तर महिना बघा. हा तलाव पावसाळ्यात पाच-सहा पट फुगतो, कारण मेकाँगचं पाणी चढलं की तलावातून निघणारी नदी उलटी वाहायला लागते. कोरड्या महिन्यांत मोठ्या बोटी तलाव ओलांडू शकत नाहीत आणि तो टप्पा बसनं करावा लागतो. पैसे क्रूझचे आणि प्रवास रस्त्याचा, असं व्हायला नको.

मोठ्या बोटी लहान कालव्यांत शिरत नाहीत, हेही ध्यानात घ्या. किनाऱ्यावरचं आयुष्य जवळून बघायचं असेल तर कान थोचा मुक्काम हवाच.

*

मार्च-एप्रिल टाळा, ही कळकळीची विनंती. उकाडा तर असतोच, पण वरून नदीला पाणी कमी आलं की समुद्राचं खारं पाणी आत घुसतं. 2020 साली तर पाच प्रांतांना आणीबाणी जाहीर करावी लागली होती. बेन त्रे हा नारळबागांचा भाग सुंदर आहे, पोहण्याच्या खासगी तलावाचे बंगलेही मिळतात, पण गावातले लोक पिण्याचं पाणी विकत आणत असताना आपण तलावात डुंबणं माझ्या मनाला पटलं नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम, फक्त तेत म्हणजे त्यांच्या नववर्षाचे दिवस सोडून. तेव्हा सगळे घरी जातात, बाजार आणि बरीच खाण्याची ठिकाणं बंद असतात.

चाउ डॉकला गेलात तर त्रा सूचं जंगल चुकवू नका. सुमारे 845 हेक्टरचं पाण्यात उभं असलेलं रान, पाण्यावर तरंगत्या इवल्या वनस्पतींचा अखंड हिरवा थर, वल्ह्यानं फाटतो आणि नाव गेली की परत जुळतो. पक्षी भरपूर. सप्टेंबर ते नोव्हेंबर तिथला खरा काळ, डिसेंबरातही छान.

*

शाकाहाराची काळजी नको, पण 'भाजी' मागून भागत नाही, त्यात माशाचा सॉस असतोच. 'आन चाय' म्हणा, म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले कितीतरी लोक स्वतःच तसं जेवतात. रिसॉर्टच्या स्वयंपाकघराला आदल्या दिवशी सांगितलं तर टोफू, कमळाचं देठ, अळंबी, ओल्या नारळाचं असं जेवण करतात की आई खूश होईल.

आणि एका संध्याकाळी 'डन का ताय तू' या दक्षिणेकडच्या संगीताची खासगी बैठक ठेवा. 2013 मध्ये युनेस्कोच्या वारशात त्याची नोंद झाली. त्यांची गिटार नीट बघा: पडद्यांमधलं लाकूड खोल कोरून काढलेलं असतं, म्हणून तार आत दाबून चक्क मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, घेता येते. माझे वडील सतार ऐकत मोठे झालेले, ते पुढे सरकून बसले आणि वादकाच्या डाव्या हातावरून त्यांची नजर हलली नाही.

*

झटपट: ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. नदीमार्गे कंबोडियात जाणार असाल तर परत यायचं आहे का ते आधी ठरवा, त्यावर एकदा की अनेकदा प्रवेशाचा व्हिसा ते ठरेल. 20,000 आणि 5,00,000 डाँगच्या नोटा दोन्ही निळसर आहेत, वेगवेगळ्या खिशात ठेवा. जुलै 2025 पासून प्रांत एकत्र केल्यामुळे बेन त्रे आता कागदोपत्री विन्ह लाँगमध्ये आहे, पत्ता शोधताना गोंधळू नका. हो ची मिन्ह सिटी ते कान थो सुमारे 170 किलोमीटर, गाडीनं तीन-साडेतीन तास. मध्ये एक थांबा घ्या, गुडघे मोकळे होतात.

*

सगळ्यांचे खूप आभार. डिसेंबर नक्की केला, क्रूझ सोडली. बेटावरचं रिसॉर्ट घेतोय आणि बोट रोज आमचीच. संगीताच्या बैठकीचं कुणामार्फत ठरवलंत? बाबांना गाण्याची फार आवड आहे.

*

रिसॉर्टला ईमेल केला होता, त्यांनी गावातलेच वादक बोलावले. निघायच्या दोन आठवडे आधी कळवा, आणि ध्वनिवर्धक नको म्हणून सांगा. जवळ बसून ऐकण्यातच मजा आहे.