ठाण्याहून नाशिकच्या वायनरीला: सासू-सासरे सोबत, कधी आणि कुठे जावं?

मानपाड्याची सून

नमस्कार मंडळी. आमचे सासरे बँकेतून निवृत्त झाल्यापासून यूट्यूबवर वाइनचे व्हिडिओ बघतात आणि जेवताना आम्हाला टॅनिन म्हणजे काय ते समजावतात. प्रत्यक्षात घरात वाइन येते ती एकतीस डिसेंबरला, तीही स्टीलच्या पेल्यातून. आता त्यांना वायनरी बघायची आहे. सासूबाईंना वासही चालत नाही, पण "मी काही घरी एकटी बसणार नाही" हे त्यांनी ठणकावून सांगितलंय. गाडी नवरा चालवणार, म्हणजे त्याने चाखायचं नाही. त्यावरून तो आत्ताच रुसलाय.

ठाण्याहून एका दिवसात जाऊन येणं जमतं का? पावसाळ्यात जावं की फेब्रुवारीत? आणि पायाने द्राक्षं तुडवायला मिळतात का? आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला तेवढंच हवंय.

निफाडचा खारघरकर

ताई, मी मूळचा निफाड तालुक्यातला, नोकरीपायी खारघरला. घरची बाग धाकटा भाऊ बघतो; जास्त खायची द्राक्षं, थोडी वाइनची. त्यामुळे माझं उत्तर बागेच्या बाजूने असणार.

पावसाळ्यात जाऊ नका. डोंगर हिरवे असतात हे खरं, पण वेलीवर एक घड नसतो. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ धरतं ते या दुसऱ्या छाटणीनंतर. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत चालते. जुलैत गेलात तर पानं, टाक्या आणि ग्लास एवढंच बघून याल.

तेव्हा फेब्रुवारी, आडवार, आणि होईल तितक्या सकाळी. मणी गार असताना माल काढायचा असतो, त्यामुळे ऊन चढलं की बागेतली लगबग संपते. आमच्याकडे तोडणी जवळ आली की भाऊ निरनिराळ्या वेलींवरचे मूठभर मणी खुडतो, प्लास्टिकच्या पिशवीत चुरडतो, थेंबभर रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटतो. आत वरचा भाग निळा, खालचा पांढरा दिसतो. मधली रेघ ज्या आकड्यावर, तेवढं ब्रिक्स, म्हणजे साखर. खायच्या थॉमसनला 18 च्या आसपास आलं की व्यापारी खूश. वाइनवाले 22-24 होईस्तोवर थांबवतात, आणि तेवढे दिवस आमचा जीव टांगणीला, कारण अवकाळी आणि गारपीट विचारून येत नाही. वायनरीवाल्यांनी परवानगी दिली तर शिराझचा, म्हणजे रेड वाइनच्या द्राक्षाचा, एक मणी तोंडात टाका. बारीक, काळा, जाड सालीचा. गोडीला खायच्या द्राक्षाच्या वरचढ, पण साल आणि बी चावली की जीभ कोरडी पडते. सासऱ्यांना सांगा, हेच ते टॅनिन. व्हिडिओत हे कळत नाही.

कुठे जायचं? गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आहेच. 2000 साली त्यांची पहिली वाइन आली, 2005 मध्ये टेस्टिंग रूम उघडली, आणि वायनरी बघायला जायचं हे वेड आपल्याकडे पसरलं ते तिथूनच. पण वडीलधारी सोबत आणि रात्री घरी परत, असं असेल तर मी इगतपुरी-घोटीकडचं सुचवेन: सांजेगावची ग्रोव्हर झाम्पा किंवा कावनईजवळची व्हॅलोन. नाशिकच्या अलीकडेच थांबता येतं. व्हॅलोन लहान आहे, आणि लहान जागी माणसं प्रश्नांना सावकाश उत्तरं देतात. दोन्हीकडे आधी फोन करून टूर ठरवा.

टूर आधी, टेस्टिंग नंतर. व्हाइट वाइनसाठी रस आधी पिळून वेगळा करतात आणि तो थंड टाकीत आंबतो. रेड मात्र सालीसकट आंबते. रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीतून येतात. हे डोळ्यांनी पाहून मग ग्लास हातात घेतला तर चवीत काय शोधायचं ते कळतं. नाहीतर सगळ्या वाइन "आंबट" एवढ्याच एका विशेषणावर संपतात.

तुडवण्याचं म्हणाल तर मोसमात काही ठिकाणी ठेवतात. फोन करतानाच विचारा. मुलीला मजा येईल, पण तो सगळा फोटोचा मामला. खरा माल क्रशर आणि प्रेसमधून जातो.

ऐरोली सेक्टर आठ

वरच्यांनी बागेचं सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. ठाण्यावरून आमण्यापर्यंत पोचणं आणि संध्याकाळी तिथून घरी येणं, खरी परीक्षा ती. भिवंडी बायपासला ट्रकांच्या मागे अडकलात की सगळी चव उतरते.

आणि ड्रायव्हर ठरवाच. 100 मिली रक्तात 30 मिग्रॅ अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि टेस्टिंगचे चार-पाच घोट दिसतात तेवढे बारीक नसतात. नाशिकलाच जायचं असेल तर सकाळची तपोवन एक्सप्रेस ठाण्याला थांबते. नाशिकरोडला उतरल्यावर दिवसभराची गाडी ठरवा. वायनरीकडून परतताना रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका.

चहावाली मावशी, नौपाडा

सासूबाईंच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. मीही न पिणारीच. एका मोठ्या ठिकाणी रविवारी गेलो होतो, डीजेच्या दणदणाटात टेबलाची वाट बघत उभं राहून पाय दुखले आणि द्राक्षाचा रससुद्धा संपला होता. त्यामुळे आडवार हा सल्ला शंभर टक्के बरोबर. नाशिकला गेलात तर त्यांना आधी गंगापूर रोडला सोमेश्वरला न्या. दर्शन झालं की त्या दुपारभर कुरकुरणार नाहीत. आमच्या अहोंना हा हिशेब अजून जमलेला नाही.

मानपाड्याची सून

सगळ्यांचे आभार. घोटीकडचं ठरतंय, फेब्रुवारीतला मंगळवार. ड्रायव्हर ठरवला, नवऱ्याची कळी खुलली. एक राहिलं: बाटल्या आणल्या तर ठेवायच्या कुठे? आमच्याकडे किचनच्या वरचा माळा रिकामा आहे.

निफाडचा खारघरकर

माळा अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात स्लॅबखाली भट्टी असते, वाइन शिजून जाते. फार बाटल्या आणूच नका. शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन घेतलीत तर फ्रिजमध्ये आणि काही महिन्यांत संपवायची. कोळंबीच्या तिखट कालवणाबरोबर थोडी गोडसर शेनिन छान लागते. शिराझ घेतलीत तर मटणाच्या दिवशी, आणि आपल्या हवेत तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा. रेड "रूम टेंपरेचर"ला प्यायची म्हणतात ती 16-18 अंशांची खोली, मानपाड्याची नव्हे. आणि स्टीलचा पेला राहू द्या. त्यात वाससुद्धा कळत नाही.

मानपाड्याची सून

हे सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते आत्ताच ग्लास शोधतायत. सासूबाई विचारतायत, वायनरीत खायची द्राक्षं स्वस्तात मिळतील का?

निफाडचा खारघरकर

वायनरीत नाही. त्या दिवसांत नाशिकच्या बाजूला रस्त्याकडेला क्रेट लावून बसलेले असतात. घडाच्या टोकाचा मणी चाखून बघायला सांगा. गोडी वरून खाली उतरते, तो गोड असेल तर अख्खा घड गोड. मग भाव करायचा.