जिओकॅशिंग मुलांसोबत सुरू करायचंय, नागपुरात जमेल का?

मनीषनगरवाली

गेल्या उन्हाळ्यात आम्ही नणंदेकडे जर्मनीत होतो. एका रविवारी नंदई मुलांना जवळच्या जंगलात घेऊन गेले आणि तासाभराने दोघंही गुप्तधन सापडल्यासारखे ओरडत परत आले. जिओकॅशिंग म्हणजे हाच खेळ, कोणीतरी लपवलेला डबा मोबाइल किंवा जीपीएसवर जागेचे आकडे बघून शोधायचा. सापडलं काय, तर पडलेल्या बुंध्याखाली प्लॅस्टिकचा डबा. आत एक छोटी वही, पेन्सिल, शिट्टी आणि रबरी डायनासोर. धाकट्याने डायनासोर घेतला, बदल्यात स्वतःची गोटी ठेवली आणि वहीत देवनागरीत नाव लिहून आला. तो डायनासोर अजून आमच्या फ्रिजवर उभा आहे.

आता इथे आल्यापासून रोज एकच, "आई, आपला डबा कुठे आहे?" ॲप उतरवलं, तर घराच्या आजूबाजूचा नकाशा कोरा. मुलं ९ आणि ६ वर्षांची. जीपीएसचं वेगळं यंत्र घ्यावं लागतं का? पैसे किती जातात? आणि सासूबाई म्हणतात, झाडाच्या बुडाशी हात घालायला लावू नकोस, विंचू असतो. त्यांचं काही चूक नाही. मिस्टरांनी "तूच बघ" म्हणून हात झटकलेत.

प्रतापनगरचा_भटक्या

ताई, जमते. आम्ही तीन वर्षांपासून करून राहिलो, दोन पोट्टे अन् बायको धरून.

यंत्र-बिंत्र काही घेऊ नका. मोबाइल पुरतो. मोकळ्या मैदानात तो तुम्हाला तीन-पाच मीटरपर्यंत नेतो, दाट झाडाखाली किंवा उंच बिल्डिंगजवळ ॲपमधला दिशा दाखवणारा बाण वेड्यासारखा फिरतो. तिथे मोबाइल खिशात टाकायचा अन् डोळे वापरायचे. खेळाची खरी मजा शेवटच्या त्या दहा पावलांत आहे, अन् त्यात पोरंच आपल्यापेक्षा हुशार असतात. उंची कमी ना, बाकाच्या खालची बाजू त्यांनाच दिसते.

पैसे लागत नाहीत. फुकटच्या खात्यात अधिकृत ॲप काही डबे पूर्ण दाखवत नाही, पण सुरुवातीला तेवढं पुरे. अँड्रॉइडवर सी:जिओ नावाचं फुकट ॲपही आहे. प्रत्येक डब्याला काठिण्य (शोधायला किती अवघड) आणि वाट (पोचायला किती अवघड) असे दोन आकडे असतात, १ ते ५. लहानग्यांसोबत दोन्ही दीडच्या आतले घ्या, अन् आकार बघून घ्या. 'मायक्रो' म्हणजे बोटाएवढी नळी, आत नुसती कागदाची गुंडाळी. सहा वर्षांच्या पोराला त्यात काय मिळणार? रडते मग. 'स्मॉल' किंवा 'रेग्युलर' शोधा, त्यात खेळणं असू शकते.

आता जागेच्या आकड्यांची, म्हणजे अक्षांश-रेखांशांची गोष्ट, कारण आम्ही इथेच आपटलो. सरावासाठी मी झिरो माइलचा दगड घेतला, तो चार घोड्यांवाला. गुगल मॅपवर तो साधारण २१.१४९८, ७९.०८०६ असा दिसतो. जिओकॅशिंगमध्ये हेच लिहितात उत्तर २१° ०८.९८८', पूर्व ७९° ०४.८३६'. म्हणजे दशांशानंतरच्या भागाला ६० ने गुणायचं, मिनिटं निघतात. मी बहाद्दराने पोट्ट्याला कागदावर मिनिटांवाला आकडा दिला, अन् त्याने अंशाच्या खुणेच्या जागी टिंब देऊन, मिनिटांतलं टिंब गाळून सरळ २१.०८९८८, ७९.०४८३६ टाकलं. बाण म्हणाला, सात किलोमीटर, नैर्ऋत्येला. झूम करून पाहतो तर सोनेगाव विमानतळ! पोट्टा म्हणे, बाबा, डबा विमानात आहे का? त्या दिवसापासून त्याला अंश-मिनिटं पाठ आहेत, शाळेत काहून येत नव्हतं देव जाणे. मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे जमिनीवर जेमतेम पावणेदोन-दोन मीटर, हेही त्यालाच मोजून काढायला लावलं.

नकाशा कोरा दिसला म्हणून थांबू नका. हा खेळ सुरू झाला तेव्हा सगळ्या जगाचाच नकाशा कोरा होता. १ मे २००० च्या रात्री अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली, तोवर शंभरेक मीटरचा फरक पडायचा. अन् ३ मे ला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनमध्ये रस्त्याकडेला एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत बेचकी होती, अन् बीन्सचा डबाही. (खायचं काही ठेवायचं नाही हा आताचा नियम आहे. मुंग्या, उंदीर.) म्हणजे सुरुवात एका माणसाने अन् एका बादलीने झाली. तुम्ही तुमच्या सोसायटीत करा. चार-पाच घरं गाठा, प्रत्येक घराने एक डबा लपवायचा, आकडे वहीत लिहून एकमेकांत वाटायचे. आमचे पहिले सहा महिने असेच गेले. जिओकॅशिंगच्या साइटवर नाही टाकलं, कोणाची परवानगी लागली नाही, पोरं खूश.

एक मात्र ध्यानात ठेवा, कोणी विचारलं तर "गुप्तधन" शब्द तोंडातून काढू नका! मी काढला होता. एका बागेत दोन्ही पोरं बाकाखाली पालथी, मी मोबाइल हातात धरून उभा, बायको लांब उभी राहून ओळख नसल्यासारखं करते. चौकीदार आला, काय शोधून राहिले? मी कौतुकाने म्हटलं, खजिना. झालं. विदर्भात गुप्तधन म्हटलं की लोकांना लिंबू, हळद-कुंकू अन् अमावस्या आठवते, अन् गुप्तधनाच्या नावाखालचे अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतात. अर्धा तास समजावण्यात गेला. शेवटी त्यालाच आकडे दाखवले अन् शोधायला लावलं. डबा त्यानेच काढला, फाटकाच्या खांबामागून. आता आम्ही "शाळेचा नकाशाचा प्रकल्प" म्हणतो. एकदम खोटंही नाही.

सासूबाईंचं बरोबर आहे. आधी काठी, मग डोळे, मग हात. पावसाळ्यात गवतात नाहीच. अन् मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा सकाळी आठच्या आत घरी या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला हंगाम.

टवाळ_धंतोली

डबा ठेवाल अन् दुसऱ्या दिवशी भंगारवाला घेऊन जाईल. झालं तुमचं जिओकॅशिंग.

प्रतापनगरचा_भटक्या

@टवाळ_धंतोली, गेले ना भाऊ, दोन गेले. स्टीलचा डबा ठेवण्याचा मूर्खपणा मीच केला होता, बायकोचा चिवड्याचा. तो विषय घरात अजून मिटला नाही.

आता पारदर्शक प्लॅस्टिकचा, चारही बाजूंनी कुलपासारखा लागणारा डबा घेतो. पारदर्शक अशासाठी की बेवारस वस्तू बघून कोणी घाबरू नये, आत काय आहे ते बाहेरूनच दिसावं. वर मराठीत अन् हिंदीत लिहितो, "खेळाचा डबा आहे, धोका नाही, बघून परत ठेवा". आत वहीला झिपची पिशवी. पेन नको, पेन्सिल. ओल लागली की पेनाचं पाणी होते अन् चार महिन्यांची नावं निळी होऊन जातात.

साइटवर अधिकृत टाकायचा असेल तर जागेच्या मालकाची परवानगी, दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर अंतर, खड्डा खणायचा नाही, अन् डबा नंतर सांभाळायचा पण आपणच. रेल्वे, सरकारी इमारती, सीताबर्डीचा किल्ला, वायुसेनानगर, असल्या ठिकाणांच्या आसपास तर विचारही करू नका.

बेसाल्टकाका

मनीषनगरवाली ताई, डबा चोरीला जाण्याची भीती असेल तर डबा नसलेला प्रकार करा. 'अर्थकॅश' म्हणतात, २००४ पासून आहे. त्यात लपवलेलं काही नसतं. जागेवर जायचं, खडक बघायचा, प्रश्नांची उत्तरं ज्याने ती जागा नोंदवली त्याला पाठवायची.

अन् नागपूर यासाठी सोन्यासारखं आहे. सेमिनरी हिल्सवर तुम्ही ज्या काळ्या दगडावर बसून शेंगदाणे खाता तो बेसाल्ट, दख्खनच्या ज्वालामुखीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्ह्याचा एक थर पसरला, थंड झाला, त्यावर तळी साचली, तळ्यात गोगलगायी झाल्या, मग पुढचा लाव्हा वरून आला आणि सगळं दाबून टाकलं. त्या मधल्या थरात शंख आजही दगड होऊन बसलेले सापडतात. टाकळीच्या बाजूचे हे थर अभ्यासकांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत. ते जीवाश्म गोळा करणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप होते, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. मी चाळीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. त्या कॉलेजात शिकलेल्या कित्येकांना हे माहीत नसते.

मुलांना भिंग द्या आणि एकच प्रश्न द्या, दगडात बारीक भोकं आहेत का? असतील तर ती लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे. काही भोकांत पांढरं खनिज भरलेलं दिसेल. हातोडी नेऊ नका, दगड घरी आणू नका. बघायचं, मोजायचं, वहीत चित्र काढायचं.

मनीषनगरवाली

सगळ्यांचे आभार. भटक्या दादा, तुमचं ऐकलं, सोसायटीतच सुरू केलं. पाच घरं, सात डबे.

पहिला रविवार फजितीचा. आमचे आकडे पाहिले तर डबा शेजारच्या बंगल्याच्या पाण्याच्या टाकीत निघत होता. तीन मजली इमारतीला खेटून उभी राहून मी आकडे घेतले होते. मग तुम्ही म्हणालात तसं बाण विसरून मुलं हाताने शोधत सुटली, आणि नवव्या मिनिटाला मीटरच्या पेटीमागे सापडला. मोठीने वहीत वेळसुद्धा लिहिली, ७.४२. धाकट्याने शिट्टी घेतली, त्यात लाल मुंग्या होत्या. पुढचा अर्धा तास थंड पाणी आणि रडारड.

बेसाल्टकाका, पुढच्या रविवारी सेमिनरी हिल्सला जाणार. भिंग मिळालं, बर्डीवर.

सातवा डबा सासूबाईंनी लपवला आहे. आकडे त्यांनी नातीकडून मोजून घेतले आणि सुगावा म्हणून फक्त "मी रोज तिथे पाणी घालते" एवढंच लिहिलंय. तुळस, कुंड्या, पारिजातक, कढीपत्ता, सगळं बघून झालं. काल मिस्टर ऑफिसमधून आले ते बूट न काढताच गच्चीवर गेले. मिळाला नाही. सासूबाई भाजी निवडता निवडता हसत होत्या.