खोगीर फिरून पडणं, उधळलेला घोडा आणि तो धरून देणारा अनोळखी माणूस

पायवाट

नमस्कार मंडळी. परिस्थिती थोडक्यात सांगते. कच्च्या चढावर घोडा दुडक्या चालीत असताना खोगीर डावीकडे फिरलं आणि स्वार खाली आली. खोगीर पोटाखाली लोंबत असतानाच घोडा उधळला. रस्त्यानं चाललेल्या एका अनोळखी गृहस्थांनी त्याला थांबवलं आणि मागचे लोक येईपर्यंत लगाम धरून उभे राहिले. गडबडीत त्यांचं नाव, नंबर घ्यायचं राहून गेलं. हेल्मेटवर ओरखडा आहे, घोड्याच्या मागच्या पायाला खरचटलंय.

निघताना तंग (खोगीर घोड्याच्या पोटाखालून बांधायचा पट्टा) आवळलेला होता, मग खोगीर फिरलं कसं? घोडा आणि स्वार पुन्हा कधी बाहेर काढायचे? आणि त्या गृहस्थांचे आभार कसे मानावेत? काहींचं म्हणणं, फोटोसकट पोस्ट टाका, कोणीतरी ओळखेलच.

जुना_नालबंद

तंगाचं आधी. खोगीर चढवताना बरेच घोडे छाती फुगवतात. तबेल्यात घट्ट वाटलेला तंग चार पावलं चालल्यावर सैल होतो. म्हणून एकदम कचकचून आवळू नये. दोन-तीन टप्प्यांत, मध्ये घोडा थोडा चालवून एकेक भोक वर घ्यावं. स्वार होण्याआधी एकदा बघायचा, बसल्यावर लगेच एकदा, आणि ५ ते १० मिनिटं चालल्यावर पुन्हा. हा शेवटचा तपास सर्रास राहतो, आणि खोगिरं फिरतात ती बहुतेक त्यामुळेच. तंग आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं आडवी जरा जोर लावून जावीत. हे छातीच्या खाली, मधोमध बघा. बाजूला फासळ्यांपाशी तंग नेहमीच जास्त घट्ट लागतो आणि माणूस फसतो.

आता पट्टे. इंग्लिश खोगिराला प्रत्येक बाजूला तंगाची बकलं लावायला सहसा तीन पट्टे असतात. पहिला वेगळ्या निवारीवर शिवलेला असतो, दुसरा-तिसरा मिळून एकाच निवारीवर. म्हणून बकल पहिल्या-दुसऱ्यात किंवा पहिल्या-तिसऱ्यात लावायचं, म्हणजे एक निवार तुटली तरी दुसरी धरते. फक्त दुसऱ्या-तिसऱ्यात लावलंत आणि ती निवार गेली, तर त्या बाजूला काहीच उरत नाही. खोगीर उलटं करून शिलाई बघा, पट्टा दुमडून बघा. घामानं चामडं आतून कुजतं. दुमडल्यावर भेगा दिसल्या तर पट्टा बदला. तेल लावून भेग भरत नाही.

तिसरं कारण जमिनीवरून चढणं. डाव्या रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) सगळं वजन टाकून वर गेलं की खोगीर तिथंच थोडं डावीकडे सरकतं, आणि तुमचंही डावीकडेच गेलंय. चढायला ओटा, दगड, काहीही उंच वापरा. पाठ गोल आणि खांद्यामागचा उंचवटा बसका असेल तर हा त्रास दुप्पट. तंग आवळत राहणं हा त्यावर उपाय नाही. खोगिराचा आतला सांगाडा त्या पाठीला नीट बसतो का ते जाणकाराकडून बघून घ्या.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी तपासत नाही. स्वार बदलला, खोगीर बदललं, तरी ते दर वेळी एकाच बाजूला सरकत असेल तर घोडा मागच्या पायानं किंचित लंगडत असू शकतो. सरळ चालीत हे डोळ्याला दिसत नाही. पशुवैद्याला गोलात, दोन्ही बाजूंनी चालवून दाखवा.

शांत_लगाम

त्या गृहस्थांनी केलं ते सोपं काम नाही. खोगीर पोटाखाली गेलं की घोडा त्यालाच लाथा झाडतो, आणि त्या लाथा कुठे जातील याचा नेम नसतो. म्हणून पुढच्यासाठी क्रम सांगतो. सुटलेल्या घोड्यामागे धावायचं नाही, धावलात की तोही धावतो. सोबतचे सगळे स्वार जागच्या जागी थांबतात. घोडा कळपाचा प्राणी, तो बहुधा त्यांच्याकडे किंवा तबेल्याकडे वळतो. जवळ जायचं ते खांद्याच्या दिशेनं, हळू आवाजात बोलत. घोड्याला चहूकडचं दिसतं, पण नाकासमोरचा आणि शेपटीमागचा पट्टा दिसत नाही. लगाम हनुवटीखाली धरायचा. हाताला गुंडाळायचा मात्र कधीच नाही, घोड्यानं हिसका दिला तर बोट जातं. मग एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं खांद्याशी उभं राहून आधी छातीपट्टा सोडायचा, शेवटी तंग, आणि खोगीर पडू देऊन मागे सरायचं.

आभारांची सुरुवात खरं तर तिथंच होते. आधी घोडा त्यांच्या हातातून आपल्या हातात घ्यायचा, मग त्यांचे तळवे बघायचे. लगाम ओढला गेला की कातडी सोलवटते, माणसाला त्या भरात कळत नाही. त्यांच्या पायावर घोड्याचा पाय पडलाय का तेही विचारायचं. नुसतं ‘थँक्यू हं’ म्हणून वळणं बरं नाही.

आता उशीर झाला आहेच, तर फोटोची पोस्ट टाकू नका. त्यांनी मदत केली, प्रसिद्धी मागितली नव्हती. त्या रस्त्याला नेहमी येणारे-जाणारे असतात, त्यांच्याकडे निरोप ठेवा: अमुक दिवशी घोडा धरून देणाऱ्या काकांना आमचा नंबर द्या. नंबर तुमचा द्यायचा, त्यांचा मागायचा नाही.

भेट झालीच तर पैशाचं पाकीट पुढे करू नका, बरेच जण दुखावतात. कपडे फाटले असतील, हाताला औषधपाणी लागलं असेल तर तो खर्च मात्र स्पष्ट विचारून द्या, ती भरपाई आहे. आणि नेमकं काय उपयोगी पडलं ते सांगा: ‘तुम्ही लगाम धरून ठेवलात म्हणून तो पुढच्या मोठ्या रस्त्यावर गेला नाही.’ स्वार बरी आहे, घोडा बरा आहे, हे कळवायला विसरू नका. मदत करणाऱ्याच्या डोक्यात तेच घोळत असतं.

खूर_आणि_खरारा

हेल्मेट बाद. तडा दिसो न दिसो, पडताना आपटलं असेल तर आतला फोम दबलेला असतो आणि तो पुन्हा तेवढा मार झेलत नाही. ते कोणाला सरावासाठीही देऊ नका.

स्वाराला २४ ते ४८ तास एकटं ठेवू नका. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, जागं करूनही झोपेत जाणं, यातलं काहीही दिसलं की थेट दवाखाना. ‘लगेच पुन्हा बसवा, भीती जाते’ हा जुना सल्ला डोक्याला मार लागलेला असताना घातक आहे. मानेत दुखत असेल तर पडल्या जागेवरून हलवायचं नाही, हेल्मेटही काढायचं नाही. श्वास अडत असेल तरच काढायचं.

घोड्याचं खरचटणं स्वच्छ पाण्यानं धुवा आणि छिद्रासारखी खोल जखम नाही ना ते केस बाजूला करून बघा. धनुर्वाताला घोडा फार बळी पडतो. लस कधी दिली ते वहीत तपासा, नोंद नसेल तर पशुवैद्याला आजच विचारा. चारही पायांच्या मागच्या कंडरांवरून हात फिरवा. सूज आणि ऊब बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दिसते, म्हणून उद्या सकाळीही बघायचं. नाल सरकलाय का, लगामाच्या हिसक्यानं जीभ किंवा ओठाचा कोपरा फाटलाय का, तेही. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. तासाभराच्या विश्रांतीनंतरही ती बरीच वर असेल तर कुठेतरी दुखतंय.

पायवाट

खूप आभार. पट्टे बघितले, बकल दुसऱ्या-तिसऱ्यातच होतं. नशीब, निवार शाबूत आहे. एक राहिलं: स्वाराचा फोन खोगिराच्या पिशवीत होता, तो घोड्याबरोबर गेला. सगळे फोन तिथंच ठेवतात.

शांत_लगाम

ताई, फोन अंगावर. खोगिराच्या पिशवीत पाणी आणि मलमपट्टी ठेवा. आणि खोगिराला नंबर कोरलेली छोटी धातूची पट्टी लावा, म्हणजे घोडा ज्याला सापडेल त्याला लगेच फोन करता येईल. तबेल्याचा नंबर घाला, स्वाराचा नको. स्वार त्या वेळी फोन उचलायच्या स्थितीत असेलच असं नाही.

जुना_नालबंद

रिकिबीही बघून घ्या. बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा २ ते अडीच सेंटिमीटर जास्त रुंदी हवी. कमी असली तर पाय अडकतो, फार जास्त असली तर अख्खं पाऊल आरपार जातं. रिकिबीचा पट्टा ज्या दांडीवर अडकवतात तिच्या टोकाची खिटी उघडीच ठेवा, म्हणजे पाय अडकला तर पट्टा मागे सरकून सुटतो. गंजून बंद पडलेल्या खिट्या बऱ्याच खोगिरांवर सापडतील.